रांगेचं शेपूट

धाकटी घरात शिरली ती चपला भिरकावतच. डाव्या हाताचं बोट आमच्यासमोर धरलं. कोरं. "नाही झालं मतदान. गेट लोटून घेतलं होतं."

१५ जानेवारी २०२६ ची, महापालिकेच्या मतदानाची संध्याकाळ. नागपुरात या दिवसांत गारठा असतो. काका मफलर गुंडाळून सोफ्यावर बसलेले, पुढ्यातल्या बशीत संत्र्याची सालं. त्यांनी तिच्या बोटाकडे पाहिलंच नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"किती वाजता पोचली?"

"सहाला वीस कमी होते."

"मग बरोबर आहे. साडेपाचला संपते."

"सहाला संपतं, काका. विधानसभेला सहालाच होतं."

"विधानसभेला होतं. हे महापालिका आहे. साडेसात ते साडेपाच. पेपरात आलं होतं, व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं, तुमच्या गेटवरच्या फलकावर होतं."

दोघांची ओळख करून द्यायला हवी. काका गडचिरोली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. तिकडच्या शिक्षकाच्या वाट्याला निवडणुकीचं काम आलं नाही असं होत नाही, आणि काकांच्या वाट्याला बहुतेक वेळा केंद्राध्यक्षपद आलं. धाकटी एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. सकाळी पावणेआठला ड्युटी. दुपारी चारला सुटायचं, पण बदलीची सिस्टर येऊन हँडओव्हर होईपर्यंत पाच कधी वाजतात कळत नाही. मी दोघांच्या मध्ये, चहा करायला.

"त्याच शाळेत," धाकटी म्हणाली, "त्याच खोलीत, चौदा महिन्यांपूर्वी सात ते सहा. आज साडेसात ते साडेपाच. एक तास कुठे गेला? कुणी ठरवलं?"

"दोन वेगळे आयोग आहेत बाई. लोकसभा-विधानसभा दिल्लीचा आयोग घेते. महापालिका, झेडपी, ग्रामपंचायत राज्य निवडणूक आयोग घेते. त्याचं वेळापत्रक त्याचं."

"मतदार तर एकच आहे ना?"

याला काकांकडे उत्तर नव्हतं. मला तरी तसं वाटलं. ते संत्रं सोलत राहिले.

पण गणिताचा मास्तर एका प्रश्नावर गप्प बसत नाही. ते थोड्या वेळाने म्हणाले, "विधानसभेचं सांगतो, कारण तो कायदा मला पाठ आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ५६. त्यात सात ते सहा असं कुठंच लिहिलेलं नाही. वेळ आयोगानं ठरवायची आणि आधी जाहीर करायची. फक्त एक अट. एका दिवसात आठ तासांपेक्षा कमी नको."

"आठच?"

"आठ हे किमान. गडचिरोलीत आम्ही आठच पाहिले. अहेरी, आरमोरी, गडचिरोली, सकाळी सात ते दुपारी तीन. मोजून घे."

तिने मोजलं. मीही मोजलं. कायद्याने दिलेली तळाची रेषा, तिच्या वर एक मिनिट नाही.

"आणि मुंबईच्या माणसाला अकरा तास," ती म्हणाली. "ज्याच्या घरापासून केंद्र पाच मिनिटांवर, त्याला अकरा. जो जंगलातून दोन तास चालत येतो, त्याला आठ. छान आहे कायदा."

"तीनला बंद का करतात ते विचार ना. मशीन, माणसं आणि जवान उजेड असताना निघाले पाहिजेत. हेलिकॉप्टरनं नेतात, तरी हेलिकॉप्टर दारात उतरत नाही, पुढे पायी. सहापर्यंत मतदान ठेवून अंधारात पेटी घेऊन जंगलातून निघालो असतो तर मतदार खुश झाला असता. आम्ही परत आलो असतो का, तो प्रश्न वेगळा."

आवाज जरा चढला होता. मी चहा पुढे केला.

धाकटी अशी ऐकून घेणारी नाही. तिचं म्हणणं असं, की वेळेचा नियम हा घड्याळाचा नियम असल्यासारखा दिसतो, पण तो मुळात नोकरीचा नियम आहे. ज्याचा दिवस ऑफिसच्या हिशोबाने चालतो त्याला तो सोयीचा. रुग्णालय, हॉटेल, वॉचमनगिरी, डिलिव्हरी, यांचा दिवस वेगळा. "कलम १३५-ब मध्ये भरपगारी सुट्टी आहे," काकांनी आठवण करून दिली. "आहे," ती म्हणाली, "आणि त्याच कलमात लिहिलंय की ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठं नुकसान होईल त्याला ते लागू नाही. म्हणजे आयसीयूच्या नर्सला नाही. सुट्टी न देणाऱ्या मालकाला दंड किती, ठाऊक आहे? पाचशे रुपयांपर्यंत. आमच्याकडे ओळखपत्र हरवलं तर नव्याला याहून जरा कमी लागतात."

"पोस्टाने मत देता येते आता. अत्यावश्यक सेवेवाल्यांना."

"लोकसभा-विधानसभेला. १२-ड फॉर्म, अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत. त्या पाच दिवसांत तो फॉर्म कुठे मिळतो हे वॉर्डात कुणाला माहीत होतं, काका? आणि आज तर तोही नव्हता."

काकांनी मान हलवली. हे त्यांना पटलं, पण त्यांनी बोलून दाखवलं नाही.

"मग किती वाजेपर्यंत ठेवायचं, तू सांग."

"नऊ."

"बरं. नऊ." काकांनी मफलर सोडला. वर्गात फळ्याकडे वळताना ते असंच करत असावेत. "सकाळी सातला मत पडायचं तर अभिरूप मतदान, तुम्ही मॉक पोल म्हणता ते, दीड तास आधी. म्हणजे साडेपाच. किमान पन्नास मतं टाकायची, मोजायची, पुसायची, सील करायचं. एजंट आले नाहीत तर थांबायचं. म्हणजे आम्ही चारला उठलो. रात्री शाळेच्या फरशीवर झोपलो असतो, त्याला झोपलो म्हणायचं असेल तर. नऊला बंद, मग रांग, मग 'क्लोज' बटण, मग १७-क, म्हणजे पडलेल्या मतांच्या हिशोबाचा फॉर्म, भरायचा, प्रत्येक एजंटला प्रत द्यायची, पिशव्या, लाखेचं सील, बस, मग साहित्य जमा करायची रांग. ती रांग मतदारांच्या रांगेपेक्षा मोठी असते आणि तिला कुणी चहा देत नाही. पहाटेचे तीन. तू बारा तास ड्युटी केली की इंजेक्शन चुकण्याची भीती असते म्हणते ना? आम्ही चोवीस तासांनी आकडे भरतो."

"मग माणसं दुप्पट करा. आम्ही तीन शिफ्ट करतो, पेशंटला कुठे म्हणतो सहा वाजले, आता मरा."

यावर मला हसू आलं. काकांनाही. पण त्यांनी लगेच दुसरं कारण काढलं, आणि मला ते नवीन होतं. मतदान संपायची वेळ फक्त शेवटाला लागत नाही, ती मागेही मोजली जाते. प्रचार बंद होतो तो मतदान संपायच्या ठरलेल्या वेळेआधी अठ्ठेचाळीस तास. दारूची दुकानं बंद होतात ती तशीच. म्हणून जिथे तीनला मतदान संपायचं, तिथे दोन दिवस आधी तीनलाच लाउडस्पीकर थांबायचा. एक आकडा हलवला की त्यामागची सगळी साखळी हलते. रमजानमध्ये आणि उन्हाच्या तडाख्यात मतदान सातऐवजी पाचला सुरू करा अशी मागणी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. आयोगाने नाही म्हटलं, न्यायालयानेही याचिका फेटाळली.

"म्हणजे घड्याळ पवित्र," धाकटी म्हणाली.

"घड्याळ सगळ्यांना सारखं आहे. एवढंच."

"सारखं? मशीन सकाळी तासभर बंद पडलं तर संध्याकाळी तासभर वाढवून देता?"

इथे काका अडखळले. खोटं बोलणं त्यांना जमत नाही. "नाही," ते म्हणाले. "केंद्राध्यक्षाच्या पुस्तकात स्पष्ट आहे. काही कारणानं मतदान उशिरा सुरू झालं तरी बंद ठरल्या वेळेलाच करायचं. वेळ वाढवणं आमच्या हातात नाही."

"मग मतदाराने उशीर केला तर नियम, मशीनने उशीर केला तरी नियम. दोन्ही वेळा मार मतदाराला."

"अवं, पण रांग आहे ना! रांगेचं तू विसरूनच राहिली."

त्यांनी बशी ओढली, सालं बाजूला केली आणि संत्र्याच्या सहा फोडी एका ओळीत मांडल्या. एका टोकाला चहाचा कप ठेवला. कप म्हणजे केंद्राचं दार.

"निवडणूक संचालन नियम १९६१, नियम ४३. ठरल्या वेळेला केंद्र बंद. त्यानंतर कुणाला आत घ्यायचं नाही. पण बंद होण्याआधी जे हजर आहेत, त्या सगळ्यांना मत देऊ द्यायचं. मग रात्रीचे नऊ वाजोत की बारा. २०२४ मध्ये आंध्रात काही ठिकाणी मध्यरात्र उलटून गेली. म्हणजे सहा ही मत द्यायची वेळ नाही. सहा ही यायची वेळ आहे. हा फरक ज्याला कळला त्याला सगळा नियम कळला."

"आणि हजर कोण, हे कसं ठरवायचं?"

"त्यासाठी चिठ्ठ्या. घंटा-दोन घंटे आधीच मी वहीचे कागद फाडून चौकोनी कापून ठेवायचो. प्रत्येकावर सही. सहा वाजले की उठायचं आणि थेट रांगेच्या शेवटी जायचं." त्यांनी बोट कपापासून सगळ्यात लांबच्या फोडीवर ठेवलं. "एक नंबर याला. मग दोन नंबर याच्या पुढच्याला. असं मागून पुढे येत दारापर्यंत."

"उलट का?"

"पुढून सुरू केलं तर?" त्यांनी कपाजवळच्या फोडीपासून बोट हलवायला सुरुवात केली आणि दुसऱ्या हाताने शेवटाला एक-एक फोड जोडत गेले. सहाच्या आठ झाल्या, नऊ झाल्या. "तू पुढून वाटत येशील तोवर मागे शेपूट वाढत जाईल. शेवट सापडणारच नाही. म्हणून आधी शेपूट पकडायचं. सगळ्यात उशिरा आलेला, सगळ्यात शेवटी मत देणारा, त्याच्या हातात एक नंबर."

ही गोष्ट मला इतकी आवडली की मी ती वहीत लिहून घेतली. नियम लिहिणाऱ्याने कधीतरी रांगेत उभं राहून पाहिलं असणार.

ब्रिटनमध्ये हे असं नव्हतं. तिथे मतदान सकाळी सात ते रात्री दहा, तब्बल पंधरा तास, धाकटी मागते त्याहून एक जास्त. पण २०१० च्या निवडणुकीत दहाच्या ठोक्याला शेफील्ड, मँचेस्टर अशा शहरांत लोक रांगेत उभे असताना दारं बंद झाली. तिथला नियम होता की दहाच्या आत मतपत्रिका हातात पडली पाहिजे. रांगेत असण्याला किंमत नव्हती. गदारोळ झाला आणि २०१३ मध्ये कायदा बदलून रांगेतल्यांना मत द्यायची मुभा मिळाली. आपल्याकडे हे १९६१ च्या नियमातच होतं. मी हे सांगितलं तेव्हा काकांची छाती जरा फुगली, जणू नियम ४३ त्यांनीच लिहिला होता.

"पण काका," धाकटी फोडींच्या ओळीकडे पाहत म्हणाली, "तुमचं केंद्र कुठे सुरू होतं? खोलीच्या दाराशी? शाळेच्या गेटशी? रस्त्यावर उभा माणूस हजर की गैरहजर?"

"ते केंद्राध्यक्ष ठरवतो. नियमातच आहे. वाद झाला तर त्याचा निर्णय अंतिम."

"म्हणजे तुमचा."

"म्हणजे माझा."

काका गप्प झाले. मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. माझ्या माहितीत त्यांनी ती घरात आधी कधी सांगितली नव्हती.

११ एप्रिल २०१९, लोकसभा. गडचिरोलीतलं एक गाव, नाव त्यांनी घेतलं नाही, मीही घेत नाही. एप्रिल म्हणजे मोहाचे दिवस. पहाटे फुलं गळतात, ऊन तापायच्या आत वेचायची असतात. बायका अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. फुलं वेचून, घरी आणून, वाळत घालून, स्वयंपाक उरकून मग मतदान. सकाळच्या गर्दीत पुरुष जास्त आणि दुपारी बायका जास्त, असं तिकडे दिसतं ते त्यामुळे. तीनला पाच मिनिटं असताना काका शेवट पाहायला बाहेर आले. चार माणसं. चार चिठ्ठ्या. तीन वाजले. दोन मिनिटांनी पलीकडच्या टोल्यावरून येणाऱ्या पायवाटेवर सहा बायका दिसल्या. अंतर फार तर शंभर पावलं. एकीच्या कडेवर पोर.

"रेडिओवर लावलेलं घड्याळ होतं माझं," काका म्हणाले. "सेकंदाचाही फरक नाही. एजंट दोघंही म्हणाले, सर, घेऊन टाका, आमची हरकत नाही. जवानांचा साहेब घड्याळ दाखवत होता."

"मग?"

"नाही घेतल्या."

"दोन मिनिटं, काका."

"दोन मिनिटं म्हणून घेतल्या तर पाच मिनिटंवाल्याला काय सांगू? आज एजंटांची हरकत नाही. उद्या मतं एकाच बाजूला पडली असा वास आला की हेच एजंट लिहून देतील की वेळेनंतर सहा मतं टाकली. माझी सही असते त्या कागदावर."

"त्या काय म्हणाल्या?"

"काही नाही. बसल्या झाडाखाली. पाणी मागितलं. मी दिलं. माझ्याच बाटलीतलं दिलं."

कुणी काही बोललं नाही. कुकरची शिट्टी झाली म्हणून मी उठलो, आणि आलो तेव्हा धाकटीने विषय बदललेला होता. दयाबुद्धीने असेल. पण तिने जो विषय काढला तो सोपा नव्हता: २०२४ ची विधानसभा.

२० नोव्हेंबर २०२४ ला संध्याकाळी पाचपर्यंतचा आकडा ५८.२२ टक्के सांगितला गेला. अंतिम आला ६६.०५. नऊ कोटी सत्तर लाख मतदारांत हा फरक शहात्तर लाखांच्या आसपास जातो. ही मतं वेळ संपल्यावर पडली, असं म्हणत विक्रोळीच्या एका मतदाराने उच्च न्यायालयात याचिका केली; बाजू प्रकाश आंबेडकरांनी मांडली. २५ जून २०२५ ला न्यायालयाने ती फेटाळली, पुढे सर्वोच्च न्यायालयातही ती टिकली नाही.

"पहिली गोष्ट," काका बोटं मोडत म्हणाले, "५८.२२ हा पाचचा आकडा आहे, सहाचा नाही. पाच ते सहा हा पूर्ण तास लोक विसरतात. दुसरी, तो आकडा फोनवरून गोळा केलेला अंदाज. खोलीत गर्दी असते, केंद्राध्यक्ष म्हणतो लिहा चारशे वीस, तोवर चारशे पन्नास झालेले असतात. तिसरी, भागाकार कर. केंद्रं एक लाखाच्या वर. शहात्तर लाख भागिले एक लाख."

"शहात्तर."

"एका केंद्रावर पाचनंतर शहात्तर मतं. आयोगाचा हिशोब सांगतो की दिवसभरात सरासरी तासाला अठ्ठावन्न लाख मतं पडली. म्हणजे केंद्रामागे अठ्ठावन्न. शेवटच्या तासाला अन् नंतरच्या रांगेला मिळून शहात्तर, यात मला काही विचित्र दिसत नाही. कामावरून येतात लोक. तुझ्यासारखे."

"सरासरी मला नका सांगू," ती म्हणाली. "सरासरी ताप अठ्ठ्याण्णव असलेल्या वॉर्डात एखादा एकशे चारचा असतो. शहात्तर पटतात मला. पण पटण्यावर कशाला सोडायचं? तुम्ही चिठ्ठ्यांना नंबर देता. म्हणजे सहा वाजता किती माणसं उभी होती हे प्रत्येक केंद्राला नेमकं ठाऊक असतं. ते कुठे लिहिता की नाही?"

"केंद्राध्यक्षाच्या डायरीत रकाना आहे. वेळ संपताना दिलेल्या चिठ्ठ्यांची संख्या. दर दोन तासांची मतंही असतात त्यात."

"आणि एजंटच्या हातात देता त्या १७-क मध्ये?"

"त्यात नाही. त्यात एकूण मतं."

"म्हणजे आकडा आहे. लिहिलेला आहे. सहीसकट आहे. फक्त बाहेर येत नाही."

काका कपातल्या गार चहाकडे पाहत राहिले. मला इथे धाकटीची बाजू घ्यावीशी वाटते, आणि घेतो. मतदान केंद्रावरच्या चित्रीकरणाचं काय करायचं यावर एवढा वाद झाला. डिसेंबर २०२४ मध्ये नियम ९३ बदलून ते सर्वसामान्यांना पाहायला मागता येणाऱ्या कागदपत्रांतून वगळलं गेलं, नंतर ते किती दिवस ठेवायचं याची मुदतही आखडली. कुणाचा चेहरा कॅमेऱ्यात दिसू नये, हे समजू शकतो. पण चिठ्ठ्यांच्या संख्येला चेहरा नसतो. १७-क मध्ये एक ओळ वाढवायची: वेळ संपताना रांगेत इतके. एजंट सही करील, खिशात घालील, आणि दुसऱ्या दिवशीचे अर्धे वाद तिथेच मिटतील. उरलेले अर्धे मिटणार नाहीत, ते दुसऱ्या कशावरून तरी होतील.

"हे मला मान्य," काका म्हणाले. दिवसभरात पहिल्यांदा. "डायरी लिहिताना मलाही वाटायचं, हे वाचतं कोण?"

धाकटी आता जरा निवळली होती. तिने बशीतली एक नंबरची फोड उचलून खाल्ली. "आज तसं आतलं सगळं दिसत होतं गेटमधून," ती म्हणाली. "रांग बरीच होती. चार-चार मतं द्यायची, म्हातारे गोंधळत होते. एक सर चिठ्ठ्या वाटत होते. दारापासून सुरुवात करून गेटकडे येत होते."

काकांचा हात थांबला. "कुठून?"

"दारापासून."

"पुढून?"

"हो ना. म्हणून तर तुम्ही उलट सांगितलं तेव्हा मला नवल वाटलं. ते निम्म्यात होते तेवढ्यात दोन मोटारसायकलवाले आले, गेटच्या फटीतून आत शिरले आणि रांगेला लागले. त्यांना मिळाली असणार चिठ्ठी."

"साडेपाचनंतर?"

"माझ्यासमोरच. पावणेसहा झाले असतील."

काका उभे राहिले. मफलर खाली पडला. लोकसभा असो की ग्रामपंचायत, आपण एकदाही पुढून वाटल्या नाहीत, असं काहीतरी पुटपुटत ते खिडकीपर्यंत गेले, परत आले. फोन हातात घेतला, ठेवला. कुणाला करणार होते, त्यांनाच ठाऊक नसावं.

"मग तू का नाही शिरली?" ते तिच्यावर जवळपास ओरडलेच.

"पोलीसदादा म्हणाले, साडेपाच होऊन गेले मॅडम," धाकटी म्हणाली. "मी घड्याळ बघितलं. खरंच होऊन गेले होते."